न उगवलेले नऊ दिवस

"नऊ दिवस पाठशाळेत पाऊल टाकलं नाहीस. तुझा परवाना रद्द! उद्या सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर हो," असं म्हणून कोतवालाने भिवराच्या हातातला तांब्याचा परवाना हिसकावून घेतला.

भिवरा डोंगरापलीकडच्या मुलखातून हेमनगरीत वैद्यकी शिकायला आली होती. तिच्या गावात वैद्य नव्हता. साधा ताप आला तरी लोक अंगारा लावून वाट बघत बसायचे, आणि अशीच वाट बघता बघता तिची धाकटी बहीण गेली होती. आता सनद हातात पडायला जेमतेम चार महिने उरले होते. पण हेमनगरीचा कायदा कडक. परमुलखातल्या विद्यार्थ्याने रोज हजेरीला उभं राहायचं, लागोपाठ तीन दिवस चुकला तर चंबूगबाळं आवरायचं.

"कोतवालसाहेब, मला गालगुंड झालं होतं. गुरुजींनीच खोलीबाहेर पडू नकोस म्हणून सांगितलं. मी गेले असते तर अख्खी पाठशाळा सुजली असती."

"नियमात गाल नाहीत, मुली. नियमात दिवस आहेत."

भिवराने तडक दरबार गाठला. महाराज भानुसेन मनाने वाईट नव्हते, पण एकदा नाही म्हटलं की हो म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. त्यातून नुकतंच पुरणपोळीचं जेवण झालेलं, अंगात सुस्ती आलेली, आणि गंमत करायला आयतं गिऱ्हाईक समोर उभं!

"परवाना परत हवा? सोपं आहे," महाराज म्हणाले. "चुकवलेले नऊ दिवस परत आण. तीन दिवसांची मुदत देतो."

दरबार खो खो हसला. भिवराने मात्र खाली पाहिलं नाही.

"आणले तर परवाना नक्की ना, महाराज?"

"राजाचा शब्द आहे."

"आणि ते मागायला मी कोणाच्याही दारी गेले तर?"

"खुशाल जा. कोणी अडवलं तर माझं नाव सांग."

तिचे गुरुजी, नीलकंठशास्त्री, कपाळाला हात लावून बसले. "भिवरे, गेलेला दिवस कुणाच्या बापाला परत आणता आलेला नाही. बोचकं बांध."

भिवरा बोचकं बांधू लागली. बांधता बांधता बोटांवर मोजू लागली. चतुर्थीला गाल सुजला, द्वादशीला उतरला. चतुर्थी ते द्वादशी... तिचा हात थांबला. मग ती अशी हसत सुटली की शास्त्रीबुवांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्याचं असं झालं होतं. ऐन त्याच दिवसांत महाराज कोणालाच दिसले नव्हते, आणि त्रयोदशीला गावभर दवंडी पिटली होती: 'ऐका हो ऐका! चतुर्थी ते द्वादशी हे दिवस यंदा या राज्यात उगवलेच नाहीत. तृतीयेनंतर एकदम त्रयोदशी! जो त्या दिवसांचं नाव काढील त्याला शिक्षा!' का, ते विचारायची सोय नव्हती. ज्यांनी एकादशीचा उपास केला होता त्यांचा उपास फुकट गेला.

भिवरा थेट चिटणीस विसाजीपंतांच्या दारात गेली. दरबारात आणि महालात रोज जे घडेल ते रोजनिशीत लिहायचं, हे पंतांचं काम. त्या नऊ दिवसांची पानं त्यांनी हुकुमावरून लाल दोऱ्याने शिवून वर लाखेची मोहोर ठोकली होती.

"पंत, महाराजांनी नऊ दिवस आणायला सांगितलंय. तुमच्याकडे आहेत ते घेऊन चला."

पंतांच्या हातातला बोरू गळून पडला. पण महाराजांचं नाव पुढे आल्यावर नाही कसं म्हणणार?

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. महाराज मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "काय गं, आणलेस दिवस?"

"आणले, महाराज. नऊच्या नऊ. पंतांच्या काखेत आहेत."

पंतांनी रोजनिशी चौरंगावर ठेवली. लाल दोरा पाहताच महाराजांचा हात मिशीवरून सरकून गालावर गेला.

"आता मोहोर फोडून मोजून घ्यावेत," भिवरा म्हणाली. "हे दिवस उगवले असतील, तर मी ते परत आणले. पंत खणखणीत आवाजात वाचतील, चतुर्थीला महालात काय घडलं, पंचमीला काय घडलं. मग परवाना माझा. आणि आपल्या दवंडीप्रमाणे ते उगवलेच नसतील, तर न उगवलेल्या दिवशी मी गैरहजर कशी राहीन? तेव्हाही परवाना माझाच. बोला महाराज, मोहोर फोडू?"

"फोडा, महाराज! एकदा खात्री करून घेऊ," कोतवाल उत्साहाने पुढे आला.

"कोतवाल, मागे हो!" महाराज ओरडले. "आणि तिचा परवाना आधी तिला दे."

परवाना हातात आला तसे भिवराचे डोळे भरून आले. महाराजांना मात्र राहवेना. "पण पोरी, त्या दिवसांत, म्हणजे त्या नसलेल्या दिवसांत, तू होतीस कुठे?"

"खोलीत, महाराज. गालगुंड झालं होतं."

"कुठल्या बाजूला?"

"दोन्ही."

"मलाही दोन्ही!" महाराज बोलून गेले.

सगळ्यांनी ओठ चावून धरले होते. आणि मग पहिले हसले ते महाराजच. "भोपळा दिसत होतो रे, भोपळा! राणीसाहेबांनी आरसे झाकून ठेवले होते!" मग काय, पंतांपासून भालदारापर्यंत सगळा दरबार पोट धरून हसला.

"मला नऊ दिवस कडू काढे पाजले त्या राजवैद्याने," डोळे पुसत महाराज म्हणाले. "त्याला घरी बसवतो. आजपासून राजवैद्य तू!"

"नको, महाराज. विद्यार्थ्याने चाकरी करू नये असं परवान्यातच लिहिलंय. कोतवालसाहेब पुन्हा दारात उभे राहतील."

महाराजांची पगडी हसता हसता कानावर आली. "बरं, मग असं करू. शिक्षण पुरं होईपर्यंत परवान्याला कोणी हात लावायचा नाही. सनद मिळाली की दोन बैलगाड्या भरून औषधं तुझ्या गावी पोचतील. आणि त्या हाकायला कोतवालाला धाडतो. तुला वेशीबाहेर पोचवायची त्याला फार हौस आहे!"