पाचोळ्याखालचे आंबे

झाडं माणसांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. पाडाला आलेला आंबा फळमाश्यांच्या गुणगुणीनं धास्तावला. बांधावरच्या कडुनिंबानं निंबोळ्या दिल्या. बाग राखणाऱ्या यमुनाक्कांनी त्यांचा अर्क शिंपडला आणि माश्या पांगल्या.

थोड्याच दिवसांत पुन्हा गुणगुण सुरू झाली.

"निंबा, तुझा कडूपणा उतरला की काय? उरलेली फळंही जातील रे माझी!" आंबा कळवळला.

"माश्या बाहेरून येतच नाहीत," निंब म्हणाला. "तुझ्याच बुंध्याशी मातीतून निघताहेत. त्या पाचोळ्याखाली काय आहे?"

अळ्या पडलेली फळं गळाली, तेव्हा लाजेनं आंब्यानंच त्यांच्यावर पानं ढाळली होती.

यमुनाक्कांनी पुन्हा अर्काची बादली उचलली.

"थांबा अक्का," आंबा हळूच म्हणाला. "आधी खाली बघा."