अकरावं पुस्तक

"पण यातल्या कुठल्या पुस्तकानं तुला घाबरवलं?"

"दहाच्या दहा," भास्कर डोणगावकर म्हणाला. "उगीच का यादीत घेतलीत?"

चष्मा कपाळावर सरकवून ईसाकचाचा सुईत दोरा ओवत राहिले.

खुलदाबादला एका दर्ग्याच्या भिंतीला लागून त्यांची ओसरी होती. पन्नास वर्षं ते तिथे बसून पुस्तकं बांधत आले होते. भास्कर कॉलेजात असताना, बांधायला आलेली पुस्तकं इथेच बसून वाचून काढायचा. वाचायचं कसं, ते तो इथेच शिकला. पुढे वर्तमानपत्रात गेला. तीस वर्षं बातमीदारी केली, पुढाऱ्यांशी भांडला, संपादकांशी त्याहून जास्त भांडला. चाचांसमोर मात्र अजूनही खाली चटईवरच बसायचा.

दर डिसेंबरात तो वर्षभरात वाचलेली निवडक पुस्तकं त्यांच्याकडे बांधायला आणायचा. त्यांतली दहा रविवारच्या पुरवणीत वाचकांना सुचवायचा. यंदाचा मथळा त्यानं आधीच ठरवला होता : 'झोप उडवणारी दहा पुस्तकं'. मजकूर उद्या द्यायचा होता.

"लोकांना नुसतं गोड गोड हवंय, चाचा. सकाळी चहाबरोबर वाचायचं आणि विसरायचं. म्हटलं, यंदा जरा हलवून सोडू." त्यानं वरचं पुस्तक उचललं. "हे बघा. एका गावात निवडणुकीला मेलेल्यांची नावं यादीत घालतात. मेलेले खरोखर रांगेत येऊन उभे राहतात. आणि जिवंत माणसांपेक्षा जास्त विचार करून मत देतात."

"अच्छा..."

"आणि हे. एका बाईला दिवस जातात, पण मूल होतच नाही. नुसतं रडणं जन्माला येतं. ती त्या रडण्याला पाळण्यात घालते, दृष्ट काढते, शाळेत पाठवते."

"मोठं झाल्यावर काय होतं त्याचं?"

"सरकारी नोकरीला लागतं."

चाचा हसले. मग त्यांनी एकेक पुस्तक मिटून डोळ्यांजवळ धरलं आणि पानांच्या खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. दहा पुस्तकं पाहून झाली.

"तंबाखू अजून सुटली नाही तुझी."

भास्करनं उजवा अंगठा मुठीत लपवला. वाचता वाचता तंबाखू मळायची आणि त्याच अंगठ्यानं पान उलटायचं, ही त्याची कॉलेजपासूनची सवय. त्याच्या प्रत्येक पुस्तकाचा खालचा कोपरा पिवळट व्हायचा.

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखा डाग," चाचा म्हणाले. "दहाच्या दहांत."

"म्हणजे मी प्रामाणिकपणे वाचलीत."

"म्हणजे तुझा हात एकदाही थांबला नाही. मेलेले रांगेत उभे होते, तू मळत होतास."

"वा! आता तंबाखूवरून समीक्षा करणार तुम्ही?" भास्कर उसळला. "यातलं एकही पान वाचलेलं नाही तुम्ही!"

"वाचायला तू आहेस. मी बांधतो."

चाचांनी भास्करच्या पिशवीत हात घातला. तळाशी आणखी एक पुस्तक होतं. पातळसं, कव्हर दुमडलेलं.

"ते यादीत नाही," भास्कर घाईनं म्हणाला. "ते असंच आलं पिशवीत."

चाचांनी ते मिटून डोळ्यांजवळ धरलं. कोपऱ्यावर पिवळा डाग होता, पण पहिल्या काही पानांपुरताच. पुढे कोपरा कोरा. त्यांनी डाग संपला तिथे पुस्तक उघडलं.

"चाळिसाव्या पानावर सोडलंस?"

"नाही."

"मग?"

"पूर्ण वाचलं. दोनदा."

"आणि तंबाखू?"

भास्करनं मूठ उघडून अंगठ्याकडे पाहिलं.

"...आठवणच झाली नाही."

दर्ग्याच्या अंगणात कुणीतरी झाडत होतं. खराट्याचा आवाज जवळ आला, लांब गेला.

"काय आहे यात?"

"काही नाही. एक बातमीदार आहे. तो रोज एका माणसाच्या दारापर्यंत जातो आणि कडी न वाजवता परत येतो. शंभर पानं तेवढंच चाललंय."

"का जातो?"

"त्यानं त्या माणसाचं नाव छापलेलं असतं. चुकीचं."

चाचांनी सुई बाजूला ठेवली. त्यांना घाई नव्हती.

"बोर्डे गुरुजी," अखेर भास्कर म्हणाला. "पोषण आहाराच्या तांदळाची भानगड मीच बाहेर काढली होती. एकाच शाळेत दोन बोर्डे. तांदूळ विकला विठ्ठल बोर्डेनं, मी छापलं विश्वनाथ बोर्डे. मुख्यालयाला फोनवर बातमी सांगताना माझ्याच तोंडून गेलं. मथळा चार कॉलमी. खुलासा आठ दिवसांनी, सातव्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींखाली. चार ओळी." तो कडवट हसला. "तेवढ्यात पोरांनी त्यांच्या दाराबाहेर तांदूळ ओतून ठेवला होता. गुरुजी गाव सोडून गेले. आता कन्नडला असतात म्हणे. शिकवण्या घेतात. बारा वर्षं झाली."

"गेला होतास?"

"रस्त्यापर्यंत... तीनदा."

चाचांनी मान हलवली. भास्करनं एकदम खिशातून यादीचा कागद काढला, पेनाचं टोपण दातांनी ओढलं आणि दहावं नाव खोडलं.

"बरोबर आहे तुमचं. हेच घालतो. दहावं नाही, पहिलं! सगळ्या जिल्ह्यानं वाचू दे. अशी जोरदार शिफारस करतो की बघाच."

"शिफारस..." चाचांनी तो शब्द जिभेवर घोळवला. "इथे लोक रोज येतात माझ्याकडे. म्हणतात, चाचा, मुजावरांकडे आमची शिफारस करा, दर्ग्यात दुआ मागायला सांगा. मी विचारतो, कुणासाठी? कुणी म्हणतं आईसाठी, कुणी म्हणतं भावासाठी. ज्याचं अडलंय त्याच्यासाठी."

"मग?"

"या पुस्तकाचं काय अडलंय, भास्कर?"

भास्करच्या हातातलं पेन कागदावरच राहिलं. शाई एका जागी पसरत गेली.

तो म्हणाला, "दार उघडून त्यांनी तोंडावर आपटलं तर?"

चाचांनी दहा पुस्तकं उचलून बांधायच्या ढिगात ठेवली. अकराव्याचं दुमडलेलं कव्हर तळव्यानं सरळ केलं आणि ते भास्करच्या मांडीवर ठेवलं.

"हे नाही बांधणार?"

चाचांनी ओसरीच्या पायरीवर आलेलं ऊन पाहिलं.

"कन्नडची गाडी साडेतीनला आहे."