ओळखीचा उतार

"पण बाबा, इतक्या ओळखीच्या माणसाकडूनही लागण होते?"

"मला काय विचारतोस? ड्रायव्हर लोकांना तूच शिकवतोस ना?" लतीफबाबा म्हणाले.

घाटाच्या वळणावर छोटा दर्गा आहे, लतीफबाबा तिथले फकीर. समोर बसलेला जालिंदर ट्रक चालवायचा. ढाब्याढाब्यावर ड्रायव्हर गोळा करून एड्सवर बोलायचा, निरोधची पाकिटं वाटायचा. बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही. कुणी लाजलाच, तर चारचौघांत त्याची फिरकी घ्यायचा.

आज त्याची मान वर होत नव्हती.

"परक्या बाईकडे गेलो तर पाकीट असायचंच, बाबा. पण रत्ना... तिच्याकडे वर्षानुवर्षं जातोय. ती बिचारी म्हणायची, पाकीट वापर. मी हसायचो. म्हणायचो, तू काय परकी आहेस?"

"मग?"

"काल तिचाच फोन आला. तिला एचआयव्ही निघालाय. म्हणाली, आधी स्वतःचं रक्त तपास, मग घरी जा."

"तपासलंस?"

"नाही... दवाखान्यात सगळे ओळखतात मला. कुठल्या तोंडानं जाऊ? आज घरी पोचायचंय. बायको वाट बघतेय, मंदा. तिच्यासाठी एक ताईत द्या, बाबा. माझ्यामुळं तिला काही व्हायला नको."

बाबांनी ताईताच्या पेटीला हात लावला नाही. वळणावर उभ्या असलेल्या ट्रककडे बोट केलं. मागच्या चाकाखाली धोंडा लावलेला होता.

"कधीपासून थांबतोस रे इथं?"

"लायसन मिळालं तेव्हापासून."

"म्हणजे उतार तुझ्या चांगला ओळखीचा. मग धोंडा कशाला लावतोस?"

जालिंदर सवयीनं फटकन बोलून गेला, "उतार काय ओळख ठेवतो का, बाबा?"





मग त्यानं गमछ्यात तोंड खुपसलं. "सगळ्यांना सांगत सुटलो... आणि मीच..."

वाईट वाटतं ते याचंच. शहाणपण त्यानं हातचं न राखता वाटलं, स्वतःपुरतं तेवढं ठेवायचं राहिलं.

बाबांनी त्याला पाणी दिलं. ताईत दिला नाही.

बऱ्याच वेळानं तो उठला, केबिनमध्ये चढला, गाडी सुरू केली. दवाखान्यात जाणार की घरी, ते बोलला नाही. घाईत पुष्कळ ड्रायव्हर करतात तेच त्यानंही केलं. गाडी पुढं काढली आणि धोंडा रस्त्यातच राहिला.

बाबा लगबगीनं रस्त्यावर आले आणि ओरडले. गाडी थांबली. जालिंदरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, बाबा?"

"धोंडा उचल, जालिंदर. मागून येणाऱ्याला ठाऊक नाही, तू तो टाकून आलायस."