गोठ्यावरची चोरलेली चांदणी

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. तिथे वर्षातले सहा महिने धुकं असे, इतकं दाट की चार पावलांपलीकडचं दिसू नये.

म्हणून त्या गावात प्रत्येक गोठ्याच्या दर्शनी फळीवर त्या घरच्या गोधडीचं चित्र असे. घरातल्या गेलेल्या माणसांच्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवायची आणि तिचीच नक्षी फळीवर उतरवायची. गेरूत भिजवलेला दोरा ताणून रेघा आखायच्या, मग त्यांत चुना, नीळ, काजळी भरायची. गुरं ती नक्षी ओळखून घरी येत. ज्या नक्षीखाली गाय उभी राहील, त्या घरची ती गाय, असा गावचा रिवाज होता.

सगुणा नावाच्या विधवेच्या गोठ्यावर निळी चांदणी होती. तिच्या चार गाई गावात सर्वांत दुधाळ. शेजारच्या बहिर्जीला ते बघवत नसे. रानातून येताना त्याचा गोठा आधी लागे. एके दिवशी त्यानं फळीवरची वडिलांच्या हातची लाल चौकडी तासून काढली आणि तिथे निळी चांदणी रंगवली.

संध्याकाळी चारही गाई त्याच्या गोठ्यात शिरल्या.

सगुणा आली. तिनं फळीकडे पाहिलं.

"दादा, गाई ठेव हव्या तर," ती म्हणाली. "पण ती चांदणी पूस. ती बघून नुसती गुरंच घरी येत नाहीत."

बहिर्जी हसला.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला धुकं उतरलं. गोठ्यातली सगळी गुरं एकदम उठली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. दारात कुणी नव्हतं. पण सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत आत आले आणि कोपऱ्यात थांबले.

"सगुणे," कोपऱ्यातून सगुणेच्या वारलेल्या सासूचा आवाज आला, "थंडी वाजते गं. गोधडी दे."

दुसऱ्या दिवशी दोन आवाज आले. त्याच्या पुढच्या दिवशी पाच. ते रागावत नव्हते. सगुणेची वाट बघत बसून राहत. बहिर्जीच्या बायकोनं गोठ्यात पाऊल टाकणं सोडलं. गाईंनी पान्हा चोरला.

शेवटी बहिर्जी गाई घेऊन सगुणेकडे निघाला. वाटेत एक म्हातारा एकेका गोठ्याची फळी चाचपत फिरत होता. बहिर्जीनं जवळ जाऊन पाहिलं. ते त्याचे वडील होते. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

"बाबा!"

म्हाताऱ्यानं परक्यासारखं पाहिलं. "पाहुणं, इथं एक लाल चौकडीचं घर होतं. माझं घर. कुठं गेलं, ठाऊक आहे का?"

"बाबा, मी तुमचा बहिर्जी! चला घरी."

"नाही रे. माझ्या बहिर्जीच्या गोठ्यावर माझी चौकडी आहे," असं म्हणत म्हातारा धुक्यात दिसेनासा झाला.

बहिर्जीनं गाई परत केल्या, सगुणेचे पाय धरले, चांदणी घासून काढली. आवाज आपल्या घरी गेले. मग तो लाल चौकडी रंगवायला बसला. मूळ गोधडी वडिलांच्या चितेवरच गेली होती, आणि कुठला चौकोन कुठे होता ते त्याला काही केल्या आठवेना. सुचेल तशी त्यानं ती रंगवली.

पुढे दर धुक्यात तो दारात दिवा घेऊन उभा राही. म्हातारा येई, फळी निरखून बघे, 'ही नाही' अशी मान हलवी आणि पुढे चालू लागे.

जो दुसऱ्याची ओळख लावून घेतो, त्याला त्याची स्वतःची माणसंही ओळखत नाहीत.