कोरड्या तांब्यातला पाऊस

"या शाळेत पोरांचं कुतूहल कोणीतरी मारतंय." माडगडचे राजे उदयभान वर्गाच्या दारात उभे राहून गरजले. आत हवामानाचा धडा चालू होता. वीसपैकी सतरा पोरं पेंगत होती, उरलेली तीन घोरत होती.

राजांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. उद्याचा धडा पावसानं सुरू व्हायला हवा. भर चैत्रात, याच खोलीत, पण पाणी ओतायचं नाही की शिंपडायचं नाही. जमलं नाही, तर शाळा बंद आणि इथे घोड्यांचा तबेला.

गुरुजी पोथ्या बांधू लागले. शेजारी येसू तांबटीण भांडी घडवायची. तिची लेक याच शाळेत शिकत होती. येसू म्हणाली, पोथ्या राहू द्या, तोफांच्या दारूखान्यातून मूठभर सोरा तेवढा आणवा.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरची दमट हवा वर्गात कोंदली होती. येसूनं दाराआड तांब्यातल्या पाण्यात सोरा ढवळला, तसं पाणी गारठलं. झाकण घट्ट बसवून तिनं तांब्या बाहेरून कोरडा पुसला आणि राजांच्या हातात दिला.

जरा वेळानं तांब्याला घाम फुटला. थेंब ओघळले आणि राजांच्या पांढऱ्या शेल्यावर टपटप पडू लागले. एक पोर पुढे सरकलं, मग सगळीच उठली.

"गळका तांब्या देतेस मला?" राजे उसळले.

"दर उन्हाळ्यात हेच ऐकते, महाराज. गार पाणी भरलं की गिऱ्हाईक भांडं परत आणतं. म्हणतं, सांध्याला डाग नीट दिला नाहीस." तिनं झाकण काढलं. आत हळदीचं पिवळंधमक पाणी होतं. "हे गळलं असतं, तर शेला पांढरा राहिला असता का?"

"मग थेंब आले कुठून?" राजांच्या आधी वीस पोरांनी विचारलं.

"हवेतून. गार लागलं की हवेतलं पाणी असंच बाहेर येतं, ढगातसुद्धा. पुढचं गुरुजी सांगतील. धडा सुरू झाला, महाराज."

राजे खदखदून हसले. शेला येसूच्या खांद्यावर घालून त्यांनी शाळा कायम केली, वर नवी कौलंही मंजूर केली.

मागे उभा असलेला हुजऱ्या खाकरला. "महाराज, गेल्या वैशाखात आपण सात हंडे गळके म्हणून खाडीत फेकायला लावले होते. ते तरंगत गेले, तेव्हाच मला जरा शंका आली होती."