मुक्या पेटीचा नियम

हात तयार झाल्याशिवाय तारेला आवाज नाही.

हा नियम तेरणाला सहाव्या वर्षी सांगण्यात आला, आणि त्याच दमात हेही सांगण्यात आलं की याला ‘का’ म्हणून विचारायचं नाही. तिने विचारलं. तेव्हा गुरुजी म्हणाले, “प्रश्न विचारायलासुद्धा आधी हात तयार व्हावा लागतो.” सगळे हसले. तेरणा हसली नाही, पण गप्प बसली. सहा वर्षांच्या मुलीला दुसरं काय करता येणार?

ही फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नगराचं नाव आज कोणालाच आठवत नाही. तिथल्यासारखी माणसं मात्र आपल्याला अजून भेटतात.

टेकडीच्या पायथ्याचं ते नगर तारपेटीसाठी ओळखलं जायचं. तारपेटी म्हणजे लाकडाची लांबरुंद पेटी. आत ताणलेल्या तारा, समोर पट्ट्यांची रांग. पट्टी दाबली की आतली लाकडी हातोडी तारेवर पडायची आणि सूर उमटायचा. अख्ख्या नगरात अशी तारपेटी एकच. ती सभामंडपात निळ्या कापडाखाली असायची आणि वर्षातून एकदा, वसंताच्या उत्सवात, वाजायची. तारांवरचं झाकण तर कोणी उघडलेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं. आत धूळ जाईल, असं थोरले पंच म्हणायचे.

मुलं शिकायची ती मुक्या पेटीवर. मुकी पेटी दिसायला तारपेटीसारखीच, फक्त लहान. पट्ट्या होत्या, पण आत तार नव्हती. पट्टी खाली जायची, वर यायची, बस. नऊ वर्षं मुलांनी अशा पट्ट्या दाबायच्या. गुरुजी समोर बसून बोटं बघायचे. हात स्थिर राहावा म्हणून मुलाच्या मनगटावर एक सुपारी ठेवायचे. सुपारी पडली की धडा पहिल्यापासून. आयाबाया पाणवठ्यावर एकमेकींना सांगायच्या, आमच्या मुलीची सुपारी तीन महिन्यांत पडली नाही. मुलीला काय वाजवता येतं, हे कोणी कोणाला विचारत नसे. ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

मूल शिकवणीला घालायचं ठरलं की घरचे सुताराकडे पेटी निवडायला जायचे. कोणी मोर कोरलेली घ्यायचं, कोणी पितळी कड्यांची. सावकाराच्या घरच्या पेटीला तर चांदीच्या फुल्या होत्या. मुकी ती मुकीच, पण घरात आल्यागेल्याला दिसायची.

तेरणाने नऊ वर्षं पुरी केली. तिची सुपारी एकदाही पडली नाही, म्हणून उत्सवात तिला तारपेटीवर बसवलं. तिने पहिली पट्टी दाबली आणि आवाज आल्याबरोबर ती दचकली. पुढे बोटं आपोआप जात राहिली. एकही पट्टी चुकली नाही. लोकांनी माना डोलावल्या. पण शेजारच्या गावाहून आलेले पाहुणे दर वर्षीसारखे प्रसादाआधीच उठून गेले, आणि खाली उतरताना तेरणाला कळलं की आपण काय वाजवलं ते आपल्यालाच आठवत नाही. एखाद्याने निरोप पोचवावा आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला वाचताच येऊ नये, तसं तिला वाटलं.

तिने गुरुजींना तसं सांगितलं. गुरुजी म्हणाले, “यालाच स्थैर्य म्हणतात, बाळ.”

वर्षं गेली. गुरुजी थकले. आपल्यामागे तेरणानेच शिकवावं असं त्यांनी पंचांना सांगितलं. पंचांनी होकार दिला आणि एक तारीख ठरवली. त्या दिवशी मंडपात सगळ्यांसमोर तिने नियमाची शपथ घ्यायची आणि गुरुजींच्या जागेवर बसायचं. तोवर एक मूल शिकवायला घ्यावं, हात बसेल, असं ठरलं.

ते मूल म्हणजे सोनकी. साळू कुंभारणीची सात वर्षांची पोर. साळूला पेट्यांतलं काही कळत नव्हतं, म्हणून ती तेरणाला घेऊन सुताराकडे गेली. सुताराने पाच पेट्या मांडल्या. साळूने पदर खोचला, खाली बसली आणि पहिल्या पेटीवर बोटाने टकटक केलं. मग दुसरीवर. कान लावून तिने पाचही पेट्या ठोकून पाहिल्या.

“काय करतेस गं?” सुताराने विचारलं.

“मडकं घेताना गिऱ्हाईक वाजवून बघतं. चिरलेलं असलं की आवाज बोलतो. ह्या तर कायच बोलत न्हाईत. मग ह्यातली चांगली कोणती, ते वळखायचं कसं?”

सुतार पोट धरून हसला. आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, “अक्का, ही पेटी आहे, रांजण नाही. मोर बघ, वेल बघ, आवडेल ती घे.”

तेरणाला हसू आलं नाही. सहा वर्षांची असताना तिच्या तोंडातून निघालेला ‘का’ इतक्या वर्षांनी एका कुंभारणीने चिखलाच्या हातांनी उचलून तिच्यासमोर ठेवला होता. मनगटावरच्या सुपारीबद्दल तेरणाला सगळं ठाऊक होतं. साळूच्या साध्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्याकडे नव्हतं.

तिने साळूला घरी पाठवलं आणि सुताराला सांगितलं, “काका, मला तारांची पेटी करून द्या. लहान चालेल. सातच पट्ट्या असू देत. मोर नको, वेल नको. पण पट्टी मंडपातल्या पट्टीइतकीच जड हवी, आणि तारा खऱ्या हव्यात.”

सुताराचं हसू मावळलं. पंचांना कळलं तर त्याचं काय होईल, हे त्याने तिला सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि उद्या येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी सुताराने कुरकुरत आजोबांच्या हत्यारांची पेटी उघडली. तिच्या तळाशी तारा पिळायची एक लोखंडी किल्ली होती. ती तिथे का आहे, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. त्याने पेटी केली, आणि एका धनगराच्या बासरीवर साती तारा जुळवून दिल्या.

तेरणाने ती पेटी लपवली नाही. साळूच्या अंगणात, चाकाशेजारी, भर दुपारी ठेवली.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. सोनकीची बोटं भलत्याच पट्टीवर पडायची. कर्कश आवाज यायचा. शेजारच्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या आणि खिडकीआडून ऐकायच्या. तेरणाने सवयीने सोनकीच्या मनगटावर सुपारी ठेवली होती, ती पहिल्याच दिवशी पडली आणि शेळीने खाल्ली. तेरणाने दुसरी ठेवली नाही.

आठव्या दिवशी सोनकी एक साधी चाल वाजवत होती. मधेच बोट चुकलं. तेरणा सांगायला पुढे झाली, तेवढ्यात सोनकीने स्वतःच नाक मुरडलं. थांबली. शेजारची पट्टी दाबून पाहिली, मग पलीकडची. मग तिचा चेहरा उजळला आणि ती पुढे वाजवू लागली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

तेरणा बघत राहिली. नऊ वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, आणि असं नाक मुरडायचंही तिला कधी जमलं नव्हतं.

शपथेचा दिवस आला. मंडप भरला. पंचांना सगळं समजलं होतं. पण ते रागावले नाहीत. ते समजुतीने बोलले, आणि समजुतीने बोलणारे थोर लोक रागावणाऱ्यांपेक्षा अवघड असतात. थोरले पंच म्हणाले की तरुण वयात असं होतं, त्यात काही विशेष नाही. तेरणाने सर्वांदेखत ती पेटी मोडावी, शपथ घ्यावी आणि जागेवर बसावं. सोनकीलाही मुकी पेटी मिळेल, नगराच्या खर्चाने. नाही मोडली, तर तेरणाला या नगरात शिकवता येणार नाही, आणि सोनकीला कोणीच शिकवणार नाही.

साळूने मुलीला घट्ट धरलं. तेरणाने एकदा सोनकीकडे पाहिलं. आपल्या एका शब्दावर पोरीचं सगळं शिकणं अडकलंय, हे तिला कळत होतं.

“आधी नियमाचं फळ काय असतं ते पोरीला ऐकू दे,” थोरले पंच म्हणाले, आणि त्यांनी गुरुजींच्या पुतण्याला तारपेटीवर बसवलं. तो नगरातला सगळ्यात स्थिर हात. निळं कापड निघालं. त्याने वाजवायला सुरुवात केली. सुंदर बोटं, सरळ पाठ. पंचांनी डोळे मिटून माना डोलावल्या. गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेरणाही ऐकत होती, आणि तिलाही त्यात काही खटकलं नाही.

सोनकीने नाक मुरडलं.

तिला वाटलं, आपल्या अंगणातल्यासारखंच इथेही बोलायचं असतं. ती म्हणाली, “आई, ती पट्टी आजारी आहे.”

साळू म्हणाली, “व्हय गं. चिरलेल्या माठावाणी वाजतीया. मला वाटलं, असंच असतं.”

मंडपात हशा पिकला. पुतण्या थांबला आणि म्हणाला की त्याची एकही पट्टी चुकलेली नाही. ते खरंच होतं. थोरले पंच सोनकीला म्हणाले, “कोणती गं आजारी? दाखव तर.” त्यांना तिची गंमत करायची होती. सोनकी गेली, पाय उंचावले आणि एका पट्टीवर बोट ठेवलं. “ही. आणि हिला पण जरा बरं नाही,” ती शेजारच्या पट्टीकडे बघून म्हणाली.

तेरणाने सुताराला हाक मारली. पंच नको नको म्हणत असतानाच तो पुढे आला आणि त्याने तारांवरचं झाकण उचललं. आत कोळ्याची जाळी होती. सोनकीने दाखवलेल्या पट्टीची खुंटी उभी चिरलेली होती आणि तिची तार ढिली पडून गंजली होती. शेजारची तारही उतरली होती, बाकीच्याही थोड्याफार. सुताराने खुंटीवर बोट फिरवलं.

“हे आजचं नाही,” तो हळूच म्हणाला. “पंचवीस-तीस वर्षं झाली असतील.”

तीस वर्षं ते नगर उत्सव करत होतं आणि माना डोलावत होतं. पाहुणे प्रसादाआधी का उठून जातात, हे आता प्रत्येकाला कळलं.

मग थोरल्या पंचांनी घसा साफ केला. ते म्हणाले, तार बदलून घेऊ. नियमाचाही विचार करू. तो मुळात कोणी केला, कशासाठी केला, हे जुन्या पोथ्यांत शोधायला पाच जणांची समिती बसवू. तोवर नऊऐवजी सात वर्षं मुकी पेटी ठेवू. तेरणाने तेवढी शपथ घ्यावी. सगळ्यांचा मान राहील.

तेरणा उठून उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, आणि तिने तो कापू दिला.

“नियम कोणी केला ते तुम्ही खुशाल शोधा. मी थांबणार नाही, कारण सोनकी आज सात वर्षांची आहे आणि तुमची समिती उठेल तेव्हा ती आई झालेली असेल. सात वर्षं नाही, सात दिवसही नाही. या मंडपाच्या कौलावर दर वसंतात दयाळ पक्ष्याचं पिल्लू गायला शिकतं. महिनाभर ते चुकतं, बेसूर ओरडतं. तुम्ही कधी त्याची चोच बांधली नाहीत. आमचीच बांधलीत.”

ती गुरुजींकडे वळली. तिचा राग तिथे जरा अडला.

“गुरुजी, ती तार मलाही ऐकू आली नाही. माझी सुपारी कधी पडली नाही, आणि मला ऐकू आलं नाही. तुमची जागा मला नको. माझ्यासारखी आणखी एक मुलगी मी तयार करणार नाही.”

थोरल्या पंचांनी निळं कापड उचलून उघड्या तारपेटीवर टाकलं. बाकीच्या चौघांनी जमिनीकडे पाहिलं. गुरुजींचा हात आपोआप मांडीवर आला आणि बोटं हलू लागली, जशी साठ वर्षं हलत आली होती. मग तीही थांबली.

तेरणाने सोनकीचा हात धरला. साळूने सात पट्ट्यांची पेटी उचलून कमरेवर घेतली, घागर घ्यावी तशी, आणि त्या तिघी मंडपाच्या पायऱ्या उतरून कुंभारवाड्याकडे निघाल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. थोड्या वेळाने खालून एक सूर आला, चुकीचा. मग दुसरा. मग बरोबर. वर मंडपात पाचही पंच आणि गुरुजी तो ऐकत बसले होते.

लहानांनो, आणि विशेषतः मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: ज्याला कधी चुकू दिलं नाही, त्याला बरोबर काय ते कधी ऐकू येत नाही.