महादू घडशीची फुंक

"...मग शिकायचं राहिलंय तरी काय, सर?"

निनाद खटावकरने हा प्रश्न ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर विचारला, तेव्हा डॉ. हेर्लेकर बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशीवर फुंकर घातली. चहा गरम होता.

प्रश्न तसा रास्त होता. पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळातून निनादला बोलावणं आलं होतं. तिथल्या लोकांना एवढंच हवं होतं, की 'हा तयार आहे' असं हेर्लेकरांनी तोंडाने म्हणावं. आणि हेर्लेकर नेमकं तेवढंच म्हणत नव्हते. कोकणातल्या त्या लहानशा धर्मादाय दवाखान्यात निनाद आतडं कापायला शिकला, जोडायला शिकला. पित्ताशय तर तो बोलता बोलता काढी. बोलणं बहुधा स्वतःविषयीच असे.

हेर्लेकरांची रीत जगाच्या उलट होती. इतरत्र मोठे डॉक्टर आतलं अवघड काम उरकलं की हातमोजे काढतात, "घे रे बंद करून" असं सगळ्यांत धाकट्याला सांगतात आणि नातेवाइकांचे नमस्कार घ्यायला बाहेर जातात. हेर्लेकर आतलं काम शिष्याला देत, स्वतः समोर उभे राहत. आणि पोट बंद करायची वेळ आली की जागा बदलून सुई हातात घेत. मग कोणी कितीही घाई करो.

निनाद त्यांना मागे 'शिंपी' म्हणे. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यात अपमान कुठे आहे, हे त्यांना कळलं नव्हतं.

"आज बंदसुद्धा तूच कर," बशी खाली ठेवत ते म्हणाले.

निनादला वाटलं, हेच उत्तर.

टेबलावर महादू घडशी होता. देवळात आणि लग्नात सनई वाजवणारा माणूस. आतड्याला पीळ पडून पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं होतं. निनादने पीळ सोडवला, काळा पडलेला भाग काढला, उरलेली दोन टोकं अशी जोडली की भूल देणारे डॉक्टरही मान लांब करून बघायला आले. हेर्लेकर फक्त "छान" म्हणाले. ते मनापासून म्हणाले. असं ते क्वचित म्हणत.

मग निनादने पोट बंद करायला घेतलं.

हे काम त्याच्या लेखी काम नव्हतंच. जखमेच्या कडेपासून लांबवर सुई घालायची, चरबी, मांस, जे येईल ते एका घासात घ्यायचं, दोन टाक्यांत ऐसपैस जागा सोडायची आणि दोरा खेचून आवळायचा. भाताच्या पोत्याचं तोंड शिवतात तसं. बघता बघता झालं.

"दोरासुद्धा वाचला, सर." उरलेला दोरा त्याने चिमटीत धरून दाखवला. चांगला लांब होता.

हेर्लेकरांनी तो घेतला. जखमेच्या लांबीशी एकदा ताडून पाहिला...

मग त्यांनी कात्री मागितली आणि निनादचे टाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापून टाकले.

सिस्टर लोबोंना अचानक ट्रेमध्ये खूप काम दिसलं.

"सर, आतडं मी जोडलं ते तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"मग ही तर नुसती पोटाची भिंत आहे."

हेर्लेकरांनी त्याचा डावा हात ओढला. वाचलेल्या दोऱ्याचा तुकडा हातमोज्यावरूनच त्याच्या करंगळीला गुंडाळला आणि गाठ मारली. जितकी त्याने महादूच्या पोटावर मारली होती, तितकीच घट्ट.

"आता शीव. फक्त पांढरा पडदा धर, पोटाचा भार त्याच्यावरच असतो. मांस नको, चरबी नको. कडेला अगदी लगटून. टाक्याला टाका जवळ. आणि कडांना कडा टेकल्या की थांब. ओढू नकोस."

निनाद शिवू लागला. टाके बारीक पडू लागले. दोरा संपता संपेना असं वाटत होतं, तोच संपला. सिस्टरने दुसरा दिला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा हेर्लेकरांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं.

करंगळी आधी ठणकली. मग बधिर झाली.

"सर, गाठ काढू? बोट मरतंय."

"तुला सांगता तरी येतं..." हेर्लेकर म्हणाले. "त्याची भिंत झोपली आहे."

त्यानंतरचा प्रत्येक टाका निनादने ओढता ओढता थांबवला. शेवटची गाठ बसली तेव्हा सिस्टरने वापरलेल्या दोऱ्याचा अंदाज घेतला. जखमेच्या लांबीच्या चौपट भरला, हवा तेवढा. मग हेर्लेकरांनी स्वतः त्याच्या करंगळीची गाठ कापली.

हात धुताना निनादने विचारलं, "पुण्याला काय कळवू?"

"ते महादू सांगेल."

महादू भुलेत होता. निनादला वाटलं, सर थट्टा करताहेत. सर थट्टा करत नव्हते.

पुण्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. नंतर दुसरं एक बोलावणं आलं. तेही हेर्लेकरांच्या एका शब्दावर अडलं. निनाद चिडला, दोनदा सामान बांधलं, दोन्ही वेळा सोडलं. हेर्लेकर त्याच्याकडून पोटं बंद करून घेत राहिले. आणि महादूला सक्त ताकीद होती : खोकताना पोटाशी उशी धरायची, ओझं उचलायचं नाही आणि डॉक्टर म्हणेपर्यंत सनई तोंडाला लावायची नाही.

लग्नसराई आली तसा महादू ओपीडीत येऊन बसला. हेर्लेकर आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं.

"डाक्टर, सुपाऱ्या आल्यात. एकच सूर काढतो. हळू."

निनादने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाने आज वाजवली, तर निकाल लागून उद्या निनादची इथून सुटका होती. व्रण वरून सुरेख दिसत होता. वरून पोत्याचं तोंडही सुरेख दिसतं.

"हळू सनई वाजते का, महादू?"

"...नाय."

"मग पावसाळा जाऊ दे."

महादू कुरकुरत गेला. घरी बायको, आणि दवाखान्यात डॉक्टर. दोन्हीकडे फुंकायची बंदी, असं काहीतरी तो फाटकापर्यंत बोलत होता. आतल्या खोलीतून बशीचा आवाज आला.

पावसाळा गेला. मग निनादने त्याला थोडं थोडं वाजवायला सांगितलं, मग जास्त. पुन्हा लग्नं आली आणि महादू रोज दोन-दोन मांडव वाजवू लागला. ती सराई संपल्यावर हेर्लेकरांनी त्याला सनईसकट बोलावलं. दवाखान्याच्या अंगणात, आंब्याखाली उभा केला. सदरा वर करायला लावला.

"निनाद, हात ठेव."

निनादने तळवा व्रणावर ठेवला. अशा जागी हर्निया असला, तर जोर करताच आतडं बाहेर येऊ बघतं, हाताला गोळा लागतो. एरवी खोकायला सांगतात.

"वाजव," हेर्लेकर म्हणाले.

महादूने गाल फुगवले आणि बंदीचा सगळा राग एका सुरात काढला. वॉर्डातले रोगी खिडक्यांशी आले. सूर चढत गेला, थांबेना. निनादच्या तळव्याखाली सगळं पोट खडकासारखं कठीण झालं. वरपासून खालपर्यंत, एकसारखं.

सूर थांबला.

"हाताला काय लागलं?"

निनादने हात लगेच उचलला नाही. व्रणावरून बोटं एकदा पुन्हा खाली नेली...

"काहीच नाही, सर."

हेर्लेकरांनी चष्मा पुसला.

"मग जा आता."